बीसीडी आणि वेटसूटचं कापड विरलंय: शिवायचं, चिकटवायचं की सोडून द्यायचं?

तुमचा प्रश्न असा की जॅकेट टाइप बीसीडीच्या (हवा भरून पाण्यात तरंगणं सांभाळतं ते डायव्हिंगचं जॅकेट) मागच्या खालच्या कडेला कापड घासून पांढरट झालंय आणि धागे बाहेर आलेत, एका खिशाचा कोपरा फाटलाय, वेटसूटच्या (अंग गरम ठेवणारा रबरी फोमचा सूट) गुडघ्यावरचं अस्तर निघून आतला काळा फोम दिसतोय, तर घरच्या शिलाई मशीनवर सगळीकडे ठिगळं मारून टाकली तर चालेल का. पटकन उत्तर हवं असेल तर खिसा शिवा, गुडघा चिकटवा, आणि मागच्या कडेला सुई लावायच्या आधी थांबा.

आता का ते सांगतो. माझ्याकडे दुरुस्तीला जे सामान येतं त्यात मुळात फाटलेल्यापेक्षा चुकीच्या दुरुस्तीनं बिघडलेलं जास्त असतं, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, माणूस भोक बघतो पण ते कापड तिथे काय काम करतंय ते बघत नाही. डायव्हिंगच्या सामानात कापड तीन कामं करतं. कुठे ते नुसतं झाकतं, म्हणजे खिसे, बाहेरचं कव्हर, पाठीचं पॅडिंग. कुठे वजन ओढतं, म्हणजे खांद्याचे पट्टे, सिलिंडरचा बँड, पकडून उचलायचं हँडल. आणि कुठे हवा किंवा पाणी अडवतं, म्हणजे ब्लॅडर (बीसीडीतला हवा धरणारा फुगा) आणि ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा सूट). झाकणारं कापड बिनधास्त शिवा. वजन ओढणारं शिवायचंच असेल तर नीट विचार करून, नाहीतर सरळ बदला. आणि हवा अडवणाऱ्या कापडात सुई घालायचीच नाही, कारण सुईचं प्रत्येक भोक ही नवीन गळती असते, एक भोक बुजवायला गेलात आणि पन्नास पाडलीत असं होतं.

म्हणून आधी तुमची बीसीडी कुठल्या बांधणीची आहे ते ओळखा. काहींमध्ये बाहेर जाड कॉर्डुराचं (दणकट नायलॉन कापड) कव्हर असतं आणि आत पॉलियुरेथेनचा वेगळा फुगा, कव्हरला कुठेतरी लपवलेली चेन असते त्यातून तो फुगा बाहेर काढता येतो. बहुतेक जॅकेटमध्ये मात्र एकच थर असतो, बाहेरून नायलॉनचं विणकाम आणि त्याच्याच आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचं कोटिंग, आणि असे दोन तुकडे कडेला वेल्ड केलेले, म्हणजे उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडलेले. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे थोडी हवा आत सोडून कापड चिमटीत धरून चोळा, दोन थर एकमेकांवरून सरकताना जाणवले तर आत वेगळा ब्लॅडर आहे. खात्री करायची असेल तर डंप व्हॉल्व्ह (हवा बाहेर सोडायची झडप) हाताने फिरवून काढा आणि भोकातून टॉर्च मारा, एकाच थराची असेल तर थेट कापडाची चकचकीत कोटेड बाजू दिसते.

वेगळा ब्लॅडर असेल तर तुमचं काम सोपं, तो बाहेर काढा आणि कव्हर हवं तसं शिवा. फक्त काढल्याशिवाय शिवू नका, आणि परत घालताना आत वाळू किंवा दोऱ्याची ताठ टोकं राहिली नाहीत ना ते हात फिरवून बघा, नाहीतर ती टोकंच ब्लॅडर घासत बसतात.

एकाच थराची असेल तर (जॅकेट म्हणताय म्हणजे बहुधा तीच) मग त्या पांढऱ्या पडलेल्या कडेकडे नीट बघू. कोटिंग आतल्या बाजूला असतं, त्यामुळे बाहेरून कापड केसाळ झालं म्हणजे लगेच हवा जाते असं नाही. पण कोटिंगला ताकद देणारं तेच विणकाम आहे, ते विरत गेलं की उरतं ते पातळ प्लास्टिकसारखं काहीतरी, आणि ते एखाद्या दिवशी बोटीच्या फळीवर सिलिंडरसकट आपटलं की जातं. जाडीचा अंदाज डेनियरवरून येतो, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर, प्रवासासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या बीसीडी बऱ्याचदा ४२० च्या आसपास असतात आणि दणकट १००० किंवा त्याच्या वर. त्यामुळे तेवढंच घासलेलं ४२० डेनियरचं कापड १००० वाल्यापेक्षा खूप जास्त संपलेलं असतं, दिसायला दोन्ही सारखीच पांढरी.

पण चिकटवायला घ्यायच्या आधी गळती आहे का, आणि असली तर कुठून आहे, ते बघा. बीसीडीची हवा जाते म्हणून लोक सगळ्या कापडावर ग्लू फासतात आणि गळत असतं ते व्हॉल्व्हमधून, रोग रेड्याला आणि औषध पखालीला. डंप व्हॉल्व्हच्या वॉशरखाली वाळूचा एक कण बसला तरी रात्रभरात जॅकेट बसतं. आधी सगळे व्हॉल्व्ह काढून गोड्या पाण्यात धुवा, रबरी वॉशर बोटाने चाचपून चीर आहे का बघा, नळीचा कोपरा जिथे बीसीडीला जोडलाय तिथला वॉशर उघडून बघा, परत हाताने घट्ट करा (पाना लावून आवळू नका, आटे जातात). मग ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह (जास्तीची हवा आपोआप सोडतो तो) फुर्र करेपर्यंत फुगवा आणि रात्रभर सावलीत ठेवा. रात्री गारवा वाढला की आतली हवा आकसते त्यामुळे सकाळी किंचित मऊ लागलं तर घाबरू नका, पण पार बसलं असेल तर शोध सुरू.

शोधायला भांडी घासायचं लिक्विड थोड्या पाण्यात कालवा आणि जुन्या पेंटब्रशने लावत जा. मोठ्या भोकातून बुडबुडे येतात ते कुणालाही दिसतात. बारीक गळतीत मात्र बुडबुडा दिसतच नाही, एका ठिकाणी मोहरीएवढा पांढरा फेसाचा ठिपका उगवतो आणि तो हळूहळू मोठा होत जातो, पुसला तर परत तिथेच उगवतो. त्यामुळे ब्रश मारून लगेच पुढे सरकू नका, एकेका पट्ट्यावर मिनिटभर थांबा. सापडलं की खडूने किंवा मेणाच्या पेन्सिलीने गोल करा, मार्कर नको, त्याची शाई पुढे ग्लूखाली पसरते. बॅकप्लेट आणि विंग (जॅकेटऐवजी पाठीवर कडक प्लेट आणि तिच्यामागे ब्लॅडर) वापरणाऱ्यांना इथे एक खास गोष्ट सापडते, प्लेटची कड आणि सिलिंडर यांच्यामध्ये ब्लॅडर चिमटला जाऊन दोन भोकं पडतात, समोरासमोरच्या थरांना. एक बुजवून खूश होऊ नका, जोडीदार शोधा.

आता चिकटवणं. यासाठी लागतो युरेथेनचा लवचिक ग्लू, ॲक्वासील नावाने मिळतो तो सगळ्यात ओळखीचा, त्याच जातीचे दुसरेही चालतात. हा हवेतली आर्द्रता घेऊन पक्का होतो, घट्ट व्हायला ८ ते १२ तास धरा, जाड थराला जास्त. सुपरग्लू नको, तो काचेसारखा कडक होतो आणि कापड दुमडलं की तडकतो. एपॉक्सीचंही तेच. हॉट ग्लू तर अजिबात नको, उन्हात ठेवलेल्या बॅगेत तो मऊ पडतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सफाई, आणि यात घाई करणाऱ्याचं ठिगळ पहिल्याच डाइव्हला सोलून येतं. गोड्या पाण्यात भिजवून मीठ काढा, पूर्ण वाळवा, पूर्ण म्हणजे पूर्ण, आतूनसुद्धा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पांढऱ्या चिंधीवर काळं यायचं थांबेपर्यंत पुसा. तुम्ही कधी सिलिकॉन स्प्रे मारला असेल, चकाकी यावी म्हणून किंवा चेन सरकावी म्हणून, तर इथेच अडचण येणार, कारण सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही. अशा वेळी पुन्हापुन्हा नवीन चिंधी घेऊन पुसायचं, एकच चिंधी फिरवत बसलात तर सिलिकॉन फक्त पसरतं.

तुमच्या कडेसाठी पद्धत अशी. बाहेर आलेले धागे बारीक कात्रीने कापडाच्या लगत कापा, लायटरने जाळू नका, कापडाखाली कोटिंग आहे आणि ते उष्णतेने मागच्या बाजूने फोड येऊन सुटतं. घासलेल्या भागाच्या चारी बाजूंना बोटभर जास्त जागा घेऊन मास्किंग टेप लावा, म्हणजे कड स्वच्छ येते. बीसीडी पूर्ण रिकामी करा पण दुमडू नका, कड सपाट टेबलावर आली पाहिजे. ग्लूचा पातळ थर द्या आणि कडक ब्रशने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने तो विणीत घासून घाला, नुसता वर ओतला तर वरच राहतो. टेप अर्ध्या तासात काढा, पक्का झाल्यावर काढलात तर कडेचा ग्लूसुद्धा सोबत उचलला जातो. दुसऱ्या दिवशी दुसरा पातळ थर. एकच जाड थर देऊ नका, त्यात बुडबुडे अडकतात आणि वरून सुकला तरी आतून बराच वेळ चिकट राहतो.

भोक आरपार असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण आतली हवा ठिगळाला सतत बाहेर ढकलत असते. ठिगळ आतून लावलं असतं तर हवेनेच ते दाबून धरलं असतं, पण बीसीडीच्या आत आपला हात जात नाही, म्हणून बाहेरून लावायचं आणि ते भोकाच्या चारी बाजूंना निदान २ सेंटीमीटर पुढे जाईल एवढं मोठं घ्यायचं. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. सुईएवढ्या भोकाला ठिगळ नको, ग्लूचा थेंब ठेवून ब्लॅडरमधली हवा अगदी हलकेच ओढा म्हणजे थेंब भोकात उतरतो, पण तोंडाने ओढू नका, आत बुरशी आणि काय काय असतं. प्रवासात ग्लू सुकायला वेळ नसेल तर टिअर-एडसारखी पारदर्शक चिकटपट्टी बरी चालते, टाइप ए नायलॉन आणि युरेथेनला, टाइप बी व्हायनलला, उलट लावली तर नीट धरत नाही.

भोक वेल्डवरच असेल, म्हणजे कडेला जी दाबलेली चकचकीत पट्टी दिसते तिथेच थर सुटत असतील, तर मी त्याला हात लावत नाही. तिथे थर एकमेकांपासून सोलले जातात, आणि तशा ओढीला ग्लू टिकत नाही, आज एक बोट बुजवाल उद्या शेजारचं बोट उघडेल. तो ब्लॅडर बदलायचा, नाहीतर बीसीडी.

आणि एक तपासणी आत्ताच करा, बाकी सगळं करायच्या आधी खरं तर. बीसीडीत गोडं कोमट पाणी भरा, खळखळून हलवा आणि खालच्या डंपमधून पांढऱ्या टबमध्ये सोडा. पाण्यातून सापाच्या कातीसारखे पातळ पापुद्रे आले तर कोटिंगच सुटतंय. युरेथेन वर्षानुवर्षं दमट राहिलं, आत पाणी ठेवून गुंडाळलं गेलं की ते कुजल्यासारखं होतं, आधी चिकट आणि मग पापुद्रे. हे बाहेरून कशानेही दुरुस्त होत नाही, आणि ते पापुद्रे व्हॉल्व्हमध्ये अडकून व्हॉल्व्ह उघडा ठेवू शकतात. मग ती कड वगैरे विसरा, ब्लॅडर गेलाय. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनमध्ये रोज वापरलेल्या भाड्याच्या बीसीडीचं वेगळं दुखणं असतं, रंग उडतो आणि कापड नखाने खरवडलं तर भुकटी सुटते. त्याच्यावरही ग्लू चिकटतो, पण कापडच ग्लूसोबत सुटून येतं.

शिवणकामाकडे येऊ. खिशाचा कोपरा घरच्या मशीनवर होईल, १६ किंवा १८ नंबरची सुई घाला, टाका ३ ते ४ मिलिमीटरचा, आणि मशीन कुरकुरलं तर चाक हाताने फिरवा. दोरा बॉन्डेड पॉलिएस्टरचा. सुती दोरा ओलाव्यात कुजतो, नायलॉन मजबूत असतो पण पाणी पिऊन ढिला पडतो आणि उन्हात पॉलिएस्टरपेक्षा लवकर जातो. बारीक टाके घातले की मजबूत होतं हा गैरसमज आहे, जवळजवळ भोकं पाडली की कापड त्याच रेषेवर तिकिटासारखं फाटतं. ठिगळ आतून लावा, कडा आधी गरम करून बंद करा (इथे लायटर चालेल, इथे हवा नाही), आणि खिशाच्या तळाला पाणी निघायचं आयलेट किंवा जाळी असते ती झाकू नका. फक्त खिसा ब्लॅडरला कुठे जोडलाय ते आधी बघा, काही जॅकेटमध्ये खिशाची मागची बाजू म्हणजेच ब्लॅडर असतो. तिथे मशीनखाली सगळं सरकवलंत तर संपलं. हाताने, वाकड्या सुईने, फक्त वरचा थर उचलत उलटी टीप घाला.

खांद्याचा पट्टा जिथे शिवलाय तिथे टाके उसवलेत असं दिसलं तर तो वेल्डच्या बाहेरच्या कडेला शिवलेला असतो हे लक्षात घ्या, आणि नवीन टाके जुन्याच भोकांतून न्या, हाताने. चौकोन आणि त्यात फुली, तेच मूळ डिझाइन असतं. पट्टाच विरला असेल, कडेचे धागे तुटून पट्टा रुंदीला कमी झाला असेल, तर त्यावर दुसरा पट्टा शिवून जाड करू नका, बक्कलमध्ये तो नीट बसत नाही आणि घसरतो. नवीन घाला. बॅकप्लेटवाल्यांचं बरं असतं, त्यांचा ५० मिलिमीटरचा पट्टा नुसता ओवलेला असतो, जुना काढून त्याच मापाचा नवीन ओवायचा.

वेल्क्रो धरत नसेल तर आधी त्यातला कचरा ताठ ब्रशने काढा, निम्म्या वेळा वेल्क्रो ठीकच असतं. चेन मधूनच उघडत असेल तर दात सहसा चांगले असतात, स्लायडर पसरलेला असतो, तेवढाच बदलतात.

वेटसूट वेगळं प्रकरण आहे, कारण तिथे हवा अडवायची नाही, पाणी आत येतंच, फक्त ते फिरू द्यायचं नाही. निओप्रीन म्हणजे बारीक बंद बुडबुड्यांचा रबरी फोम, दोन्ही बाजूंना नायलॉनचं अस्तर. ताकद जवळजवळ सगळी त्या अस्तरात असते, नुसता फोम नखाने फाटतो. म्हणून तुमच्या गुडघ्याला अस्तर गेलंय हे दिसतं त्यापेक्षा गंभीर आहे, तिथून फोम पटापट झिजेल. फोम अजून जाड असेल तर वर निओप्रीनचं किंवा गुडघ्यासाठी मिळणाऱ्या जाड कापडाचं ठिगळ लावा. यासाठी ग्लू वेगळा, निओप्रीन सिमेंट, म्हणजे कॉन्टॅक्ट ग्लू. दोन्ही बाजूंना पातळ लावा, ५ ते १० मिनिटं थांबा, परत दुसरा हात द्या, परत थांबा. बोट लावल्यावर चिकट वाटलं पाहिजे पण ग्लू बोटाला येता कामा नये, तेव्हाच जोडा. ओला असताना जोडलं की धरत नाही, आणि बहुतेकांचं इथेच फसतं कारण ओला ग्लू जास्त चिकट असणार असं वाटतं. जोडल्यावर सरकवता येत नाही, त्यामुळे एका टोकापासून हळूहळू बसवत जा, आणि गुडघा वाकवलेल्या अवस्थेत बसवा, आत गोल बाटली किंवा गुंडाळलेला टॉवेल घालून. सरळ पायावर सपाट बसवलेलं ठिगळ पहिल्याच फिन किकला कडेने उचलतं. सिमेंटचा वास जबरदस्त असतो, खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको.

आरपार चीर असेल तर आधी दोन्ही काप सिमेंटने एकमेकांना जोडायचे, मग अस्तराच्या बाजूने हाताने टाके, सुई निओप्रीनच्या अर्ध्या जाडीपर्यंतच जाऊन परत वर आली पाहिजे. ५ मिलिमीटरच्या सूटला हे सहज जमतं, ३ ला सराव लागतो. दोरा ओढून आवळू नका, कापायला लागतो. वरून हवं तर मेल्को टेप, इस्त्रीने बसते ती, मंद आच आणि मध्ये बेकिंग पेपर, पण फक्त अस्तर असलेल्या बाजूला, गुळगुळीत रबरी पृष्ठभागाला इस्त्री लावली तर वितळेल. ॲक्वासील वेटसूटवर सगळीकडे फासू नका, तो निओप्रीनएवढा ताणत नाही, त्यामुळे काखेत किंवा गुडघ्यामागे लावला तर ग्लू शाबूत राहतो आणि त्याच्या कडेलाच नवीन चीर जाते.

ड्रायसूटबद्दल विचारलं नाहीये पण कुणीतरी विचारेलच. ट्रायलॅमिनेटमध्ये, म्हणजे तीन थरांच्या ड्रायसूटमध्ये, दोन कापडांच्या मध्ये ब्युटाइल रबर असतं, त्याचं टाचणीचं भोक आतल्या बाजूने बुजवायचं, ती बाजू स्वच्छ असते आणि घासली जात नाही. मनगटात आणि मानेत गोल डबे घालून सूट फुगवायचा आणि तेच साबणाचं पाणी. मानेचं, मनगटाचं लेटेक्स सील फाटलं तर चिकटवत बसू नका, ते प्रवास संपेपर्यंतच टिकतं, बदलून घ्या. पितळी चेनला मेण, प्लास्टिकच्या सीलबंद चेनला फक्त बंद होणाऱ्या टोकाला तिचं ग्रीस, आणि ते हाताला लागलं असेल तर ग्लूच्या ट्यूबला हात लावायच्या आधी हात धुवा, सिलिकॉनचं वर सांगितलंच आहे.

सगळं झालं की परत एक रात्र फुगवून ठेवा, मग उथळ बंदिस्त पाण्यात वापरून बघा. बोटीवर जाऊन पहिली चाचणी नको, कारण ब्लॅडर पाण्याखाली धोका देतो त्याहून जास्त वर आल्यावर देतो, दमलेले असता, लाटा असतात आणि तरंगायला तेवढाच असतो. तसं झालंच तर वजनं सोडायची हे वेगळं सांगायला नको.

आणि उघडलेली युरेथेनची ट्यूब ड्रॉवरमध्ये ठेवू नका, महिन्याभरात आत दगड होतो. तोंड पुसून, हवा दाबून काढून, झाकण लावून, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, वापरायच्या आधी झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, थंड ट्यूब उघडली की हवेतलं पाणी आत धरतं. निओप्रीन सिमेंटचा डबा मात्र फ्रीझरमध्ये नको, थंड कोरड्या जागी घट्ट झाकून, आणि त्यात तार धरायला लागली असेल तर थिनर घालून वाचवत बसू नका, नवीन आणा.